नातीचा दुधाचा दात, आजीच्या हलत्या दाढा आणि मूळपेशी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात वर्षांची, खालचा पुढचा दात हलतोय. एका कंपनीचा प्रतिनिधी घरी येऊन सांगून गेला की हा दात साठवून ठेवा, त्यातल्या स्टेम सेल्स (म्हणजे मूळपेशी, ज्यांच्यापासून निरनिराळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) पुढे घरातल्या कोणालाही उपयोगी पडतील. घरात सासूबाईंना पायरिया आहे, दाढा हलतात. नातीच्या दातातल्या पेशींनी आजीच्या हिरड्या भरून येतील का? शिवाय विचारणाऱ्या ताईंची स्वतःची अक्कलदाढ काढायची आहे, तीही साठवावी का?

आधी थेट उत्तर देते, कारणं नंतर. नातीच्या दातातल्या पेशी वापरून आजीच्या हिरड्या भरून आणेल असा कोणताही मान्यताप्राप्त उपचार आज आपल्याकडे नाही. त्या आशेवर दात साठवायला पैसे घालू नका. पण तो प्रतिनिधी जे बोलला त्याच्या मुळाशी खरं शास्त्र आहे, हेही तितकंच खरं. दाताच्या आत आणि दाताभोवती मूळपेशी असतात, त्या वेगळ्या काढता येतात, वाढवता येतात. मी हिरड्यांच्या आजारांची डॉक्टर आहे आणि माझे निम्मे उपचार याच पेशींच्या भरवशावर चालतात. फक्त त्या पेशी मी कुठल्या बँकेतून मागवत नाही. त्या पेशंटच्या तोंडातच, दाताच्या मुळाला चिकटून असतात, आणि त्यांना जगवणं हे माझं काम असतं.

‘दातातल्या स्टेम सेल्स’ म्हणून जे एका दमात सांगितलं जातं, ते प्रत्यक्षात चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणचं आहे. दाताच्या आतला मऊ भाग, ज्याला आपण सगळे ‘नस’ म्हणतो तो पल्प, ही पहिली जागा. कायमच्या दाताच्या पल्पमधल्या मूळपेशींची ओळख २००० साली अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत पटली. दुधाच्या दाताची पाळी तीन वर्षांनी आली, आणि ती घरातूनच आली. त्या गटातले सॉन्गताओ शी हे मूळचे लहान मुलांचे दंतवैद्य. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीचा दात पडला तेव्हा त्यांनी तो निरखून पाहिला, तर आत लालसर मांस शिल्लक होतं. दुसऱ्या दिवशी ते तो दात प्रयोगशाळेत घेऊन गेले. त्यानंतरचा दात पडला तो त्यांनी थेट पेशी वाढवण्याच्या द्रवात टाकून नेला. २००३ साली त्यावरचा शोधनिबंध आला. समोरच्या एकेका दुधाच्या दातातून वसाहत धरू शकणाऱ्या पेशी निघाल्या साधारण १२ ते २०. हा आकडा लक्षात ठेवा. त्या पेशी वेगाने वाढतात हे खरं, पण सुरुवात मूठभर पेशींपासूनच होते, आणि दात नीट हाताळला नाही तर तेवढ्याही उरत नाहीत.

आता माझ्या जिव्हाळ्याची जागा. नुकत्याच काढलेल्या निरोगी कायमच्या दाताचं मूळ हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिलं, तर ते हाडासारखं कोरडं नसतं. त्यावर ओलसर, गुलाबी-पांढऱ्या धाग्यांचा झुपकेदार थर चिकटलेला असतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामधल्या जेमतेम ०.२ मिलिमीटरच्या फटीत तो बसलेला असतो. हा पेरिओडॉन्टल लिगामेंट. दात हाडात ठोकलेला नसतो, या धाग्यांवर टांगलेला असतो. म्हणून तर भाकरी चावताना खडा लागला की आपण क्षणात थबकतो. तो दाब या थराला कळतो. २००४ साली याच थरातून मूळपेशी वेगळ्या काढल्याचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यासाठी वापरले होते काढून टाकलेल्या अक्कलदाढांचे थर. या पेशी उंदरांत सोडल्या तेव्हा त्यांनी मुळावरचा सिमेंटमचा थर आणि त्याला जोडलेले धागे यांच्यासारखी रचना तयार केली. दुसऱ्या कुठल्या अवयवातल्या पेशींकडून हे इतक्या सहजी होत नाही.

प्रयोगशाळेत हा थर खरवडतात तो मुळाच्या मधल्या तृतीयांशातून. वरच्या टोकाला हिरडीच्या पेशी मिसळण्याचा धोका, खालच्या टोकाला पल्पच्या. मग तो कोलॅजिनेज आणि डिस्पेज या विकरांत (एन्झाइममध्ये) ३७ अंशांवर तासभर ठेवून विरघळवतात, पेशी मोकळ्या होतात, आणि प्लास्टिकच्या तळाला ज्या चिकटतात त्या वाढवतात. चिकटल्या म्हणजे मूळपेशी झाल्या असं मात्र नाही. २००६ साली ठरलेल्या निकषांनुसार त्यांच्या पृष्ठभागावर ठरावीक खुणा दिसाव्या लागतात, रक्तपेशींच्या खुणा नसाव्या लागतात, आणि त्यांच्यापासून हाड, चरबी, कूर्चा तिन्ही बनवून दाखवावं लागतं. ‘आम्ही तुमचा दात साठवतो’ म्हणणाऱ्याने यातलं नेमकं काय तपासलं, हा पहिला प्रश्न.

दुधाच्या दाताभोवतीही असाच थर असतो, पण त्याचं आयुष्य निराळं. कायमच्या दाताच्या लिगामेंटने साठ-सत्तर वर्षं धरून ठेवायचं असतं, दुधाच्या दाताच्या लिगामेंटने ठरलेल्या वेळी सोडून द्यायचं असतं. खालून कायमचा दात वर सरकू लागला की त्याच्याभोवतीची पिशवी आणि दुधाच्या दाताचा लिगामेंट मिळून मूळ खाणाऱ्या पेशींना बोलावणं धाडतात. मूळ झिजत असलेल्या दुधाच्या दाताच्या लिगामेंटमध्ये रँक-एल नावाचा, हाड आणि दात विरघळवायला लावणारा संदेश जास्त प्रमाणात सापडतो तो यामुळेच. खाली कायमचा दात मुळातच नसेल तर हे बोलावणं लांबतं, आणि दुधाचा दात तिशी-चाळिशीतही जागेवर राहिलेला दिसतो. त्यामुळे ‘दुधाच्या दातातल्या पेशी तरुण, म्हणून सगळ्याच कामाला सरस’ हे विधान मला पटत नाही. त्या तरुण आहेत आणि झपाट्याने वाढतात, एवढंच. धरून ठेवणारा थर पुन्हा बांधायचा असेल तर तो ज्या पेशींनी आयुष्यभर बांधला, त्या कायमच्या दाताभोवतीच्या पेशी मला अधिक मोलाच्या वाटतात.

तिसरी जागा म्हणजे वाढत्या दाताच्या मुळाच्या टोकाला असलेला मऊ गोळा, एपिकल पॅपिला. सोळा ते वीसच्या वयात, मूळ अर्धवट झालेली अक्कलदाढ काढली तर हा गोळा चिमट्याने अलगद सुटून येतो. त्याच वयात दाढेभोवतीची पिशवी, म्हणजे डेंटल फॉलिकलही मिळते. हिरडीतही मूळपेशी आहेत. या सगळ्यांवर गेली वीस वर्षं काम चालू आहे.

आता सासूबाईंकडे वळते, कारण खरा त्रास त्यांना आहे.

पायरियात नेमकं काय होतं? दात आणि हिरडी यांच्यातल्या खाचेत जंतूंचा थर आणि दगडासारखा कठीण टार्टर साचतो. शरीर त्याच्याशी लढतं आणि त्या लढाईत आपलंच हाड आणि लिगामेंट विरघळतं. खाच निरोगी असताना १ ते ३ मिलिमीटर खोल असते, ती ६, ८, १० अशी खोल होत जाते. दात हलायला लागतो तो शेवटी. बहुतेक माणसं माझ्याकडे येतात तीही तेव्हाच, कारण पायरिया बराच काळ दुखत नाही. दुखत नाही म्हणून इतकी माणसं दात गमावताना मी पाहते की या एका गोष्टीबद्दल कितीही वेळा बोलावं लागलं तरी मला कंटाळा येत नाही. ब्रश करताना रक्त येतं, ते आंब्याच्या उष्णतेने येत नाही. ते दाखवायला या.

हाड आणि लिगामेंट परत उगवतील का, या प्रश्नाला १९७६ साली टोरांटोच्या अँथनी मेल्चर यांनी निराळंच वळण दिलं. त्यांचं म्हणणं असं की, शस्त्रक्रियेनंतर मुळाच्या पृष्ठभागावर ज्या पेशी आधी पोहोचतात त्यांच्यावर जखम कशी भरेल हे ठरतं. हिरडीच्या वरच्या त्वचेच्या पेशी सर्वांत चपळ. पेरलेलं उगवायच्या आत तणाने रान व्यापावं तशा त्या मुळावर खालपर्यंत पसरतात, आणि लिगामेंटच्या संथ पेशींना जागाच उरत नाही. मग उपाय काय? चपळ पेशींना काही आठवडे अडवून धरायचं. १९८२ साली स्वीडनमध्ये नायमन, लिंडे, कॅरिंग आणि रायलँडर यांनी एका माणसाच्या खालच्या पुढच्या दाताला गाळणकागदासारखा पडदा लावून हेच केलं. तीन महिन्यांनी तपासलं तर, आजाराने उघड्या पडलेल्या मुळावर नवं सिमेंटम आणि त्यात रुतलेले नवे धागे तयार झाले होते. बाहेरून एकही पेशी घातली नव्हती. खालच्या निरोगी भागात उरलेल्या लिगामेंटच्या पेशींना फक्त वेळ आणि जागा दिली होती. मूळपेशींचं नावही दंतवैद्यकात रुळायच्या दोन दशकं आधीची ही गोष्ट आहे, आणि आजही मी जो पडदा वापरते तो याच विचारावर.

मग बाहेर वाढवलेल्या पेशी घातल्या तर आणखी चांगलं होईल का? करून पाहिलंय. चीनमधल्या शिआन इथल्या गटाने २०१६ साली तीस पायरिया-रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना हाडाच्या पावडरीबरोबर त्यांच्या स्वतःच्या लिगामेंटच्या पेशींचे पापुद्रे घातले, काहींना नुसती पावडर. उपचार सुरक्षित ठरला. हाड दोन्ही गटांत वाढलं. पण दोन्हींत म्हणावा असा फरक पडला नाही. २०१८ साली टोकियोच्या गटाने दहा रुग्णांत त्यांच्याच काढलेल्या दातांच्या लिगामेंटपासून बनवलेले तीन पदरी पापुद्रे बसवले. सहा महिन्यांत खाचेची खोली सरासरी ३.२ मिलिमीटरने कमी झाली, पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि खोल, उभ्या खड्ड्यांत इतका फायदा पडदा आणि हाडाच्या पावडरीच्या चांगल्या शस्त्रक्रियेतूनही मिळू शकतो. दोन्ही ठिकाणी पेशी होत्या त्या रुग्णाच्या स्वतःच्या, प्रौढ दाताभोवतालच्या. नातवंडाच्या दुधाच्या दातातल्या नव्हत्या, वर्षानुवर्षं गोठवलेल्याही नव्हत्या.

म्हणून सासूबाईंसाठी मी काय करेन ते सांगते. पहिल्या भेटीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खाच मोजायची आणि एक्स-रे पाहायचा. हाड सगळीकडे सारखं, आडवं खाली गेलेलं असेल तर ते परत उंच करणं आज कोणालाच नीट जमत नाही. तिथे आहे ते टिकवणं हेच ध्येय ठेवावं लागतं. पण एखाद्या दाढेच्या बाजूला हाडात खोल, अरुंद खड्डा असेल आणि त्याच्या दोन-तीन भिंती शाबूत असतील, तर तिथे आशा धरायला जागा आहे. भिंतींच्या आड रक्ताची गुठळी टिकते, लिगामेंटच्या पेशी जवळून येतात. ‘दाढ हलते, काढून टाका’ असं ऐकून आलेल्या कित्येक दाढा अशा खड्ड्यांच्या असतात. तेव्हा काढण्याआधी हिरड्यांच्या डॉक्टरांकडून एकदा मोजून घ्याच.

शस्त्रक्रियेआधी खोल सफाई होते, मुळावरचा टार्टर खरवडून निघतो. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. निम्म्याहून जास्त काम इथेच होऊन जातं आणि शस्त्रक्रियेची गरज अनेक जागी उरतच नाही. सूज असलेल्या जागेतल्या लिगामेंटच्या पेशी जिवंत असतात, पण हाड बनवण्याची त्यांची ताकद खालावलेली असते. सूज उतरवणं हाच त्यांच्यावरचा पहिला उपचार.

साखर तपासा. एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, हाताबाहेर असेल तर हिरड्या भरत नाहीत, आणि हिरड्यांची सूज साखरही वाढवते. हे दुष्टचक्र दोन्हीकडून तोडावं लागतं. आणि एक विचारायचं राहून जातं म्हणून स्पष्ट विचारते: सासूबाई मिशरी लावतात का? आमच्याकडे येणाऱ्या त्या पिढीच्या बायका हे चारचौघांत सांगत नाहीत. ‘दात घासायला थोडीशी’ म्हणतात. ती भाजलेली तंबाखू आहे. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा आखडतो, म्हणून रक्त कमी येतं आणि वाटतं की हिरड्या बऱ्या आहेत. आत मात्र हाड जातच असतं. निकोटिनने लिगामेंटच्या पेशींचं मुळाला चिकटणंही बिघडतं. मिशरी चालू ठेवून जगातली कुठलीही महागडी शस्त्रक्रिया केली तरी ती अपुरीच राहील. रागावून सुटत नाही ती. सकाळच्या चहाआधीचा तो वेळ दुसऱ्या कशाने तरी भरून द्यावा लागतो. घरच्यांची साथ लागते ती इथे.

आणखी एक सावधगिरी. काही ठिकाणी रुग्णाचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्याचा पिवळसर जेलीसारखा पापुद्रा हिरडीत घालतात आणि बिलावर ‘स्टेम सेल थेरपी’ लिहितात. ते पीआरएफ, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन. चांगली गोष्ट आहे, मीही वापरते, जखम लवकर भरते. पण त्यात प्लेटलेट आणि फायब्रिन असतं. त्याला स्टेम सेल म्हणणं ही फसवणूक आहे. बिलावर असं नाव दिसलं तर बिनधास्त विचारा.

आता मुलीबद्दल. तिच्या पडणाऱ्या दुधाच्या दातापेक्षा तिच्या येणाऱ्या कायमच्या दातांभोवतीच्या पेशींची काळजी मला जास्त आहे, कारण त्या पेशींची गरज खरोखर कधीही पडू शकते. सात ते दहा या वयात मुलं सायकलवरून, शाळेच्या पायऱ्यांवरून, झोक्यावरून पडतात, आणि मार बसतो तो वरच्या पुढच्या दातांना. कायमचा दात मुळासकट निखळून हातात आला तर त्या मुळावरचा ओलसर थर म्हणजेच आपण ज्याबद्दल बोलतोय त्या मूळपेशींचं घर. तो कोरडा पडला की पेशी मरायला लागतात. तासभर कोरडा राहिला तर बहुतेक पेशी गेल्या असंच धरावं लागतं. मग दात बसवला तरी तो हाडाला थेट चिकटतो आणि पुढच्या काही वर्षांत मूळ विरघळत जातं.

असा दात नेहमी रुमालात गुंडाळून किंवा कागदाच्या पुडीत येतो. आणणाऱ्याने तो घासूनपुसून, काही वेळा साबणाने धुऊन आणलेला असतो, काळजीपोटीच. पण त्या धुण्यात तो थर जातो. करायचं काय, ते दातांच्या इजांवर काम करणाऱ्या इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमाटॉलॉजीने २०२० च्या सूचनांमध्ये सांगून ठेवलंय. दात वरच्या, दिसणाऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर थंड दूध, सलाईन किंवा मुलाच्याच थुंकीने हलकेच धुवा, आणि जमत असेल तर तिथल्या तिथे जागेवर बसवून मुलाला रुमाल चावून धरायला लावा. धीर होत नसेल तर दुधात टाका आणि दंतवैद्याकडे धाव घ्या. दुधाची आम्लता आणि क्षार पेशींना मानवतात. साध्या पाण्यात पेशी फुगून फुटतात. डॉक्टर तो बारीक लवचीक तारेने शेजारच्या दातांना साधारण दोन आठवडे बांधतात. दुधाचा दात निखळला तर मात्र परत बसवायचा नाही, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ ही पाच वाक्यं चिकटवून ठेवा असं मी प्रत्येक पालक-शिक्षक सभेत सांगते. त्यातून वाचणारे दात खरे आहेत.

निखळला नाही पण मार बसून आतली नस मेली, असंही होतं. आठ वर्षांच्या मुलाच्या पुढच्या दाताचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं, ते साधारण दहाव्या वर्षापर्यंत पूर्ण होतं. टोक उघडं, भिंती पातळ. अशा दाताला नेहमीचं रूट कॅनाल केलं तर तो पुढे काठाशी मोडतो. इथे टोकाजवळच्या पॅपिलातल्या आणि भोवतालच्या मूळपेशींना आत बोलावता येतं. दात आतून धुताना हायपोक्लोराइट हे जंतुनाशक मुद्दाम सौम्य, दीड टक्क्याचं घेतात, कारण कडक घेतलं तर त्याच पेशी मरतात ज्या हव्या आहेत. नंतर ईडीटीए नावाच्या १७ टक्क्यांच्या द्रावणाने धुतात, म्हणजे दाताच्या भिंतीतले वाढीचे घटक मोकळे होतात. मग एक बारीक फाइल टोकापलीकडे नेऊन जाणूनबुजून रक्त काढतात. भूल देताना अॅड्रिनलिन नसलेलं औषध निवडतात, नाहीतर रक्त येतच नाही. ती गुठळी आत भरते, तिच्यावर एमटीएसारखं सिमेंट, वर फिलिंग. जमलं तर पुढच्या वर्ष-दोन वर्षांत एक्स-रेवर भिंती जाड होताना आणि टोक बंद होताना दिसतं. आत तयार होणारं ऊतक बहुतेक वेळा खऱ्या पल्पसारखं नसतं, लिगामेंट आणि सिमेंटमसारखं असतं, म्हणजे ते भोवतालून आलेलं असतं. तरी दात उभा राहतो. हा मूळपेशींचाच उपचार आहे, मुलांचे दंतवैद्य आणि रूट कॅनाल तज्ज्ञ तो करतात, आणि त्याला कोणाच्या फ्रीझरची गरज पडत नाही.

साठवणुकीच्या बाजूने जे सर्वांत भक्कम बोलता येईल तेही सांगायला हवं. २०१८ साली शिआनमधूनच आलेला अभ्यास. पुढच्या कायमच्या दाताला मार बसून नस मेलेली चाळीस मुलं घेतली. त्यातल्या तीस जणांत त्यांच्याच दुधाच्या दाताच्या पल्पमधल्या पेशी वाढवून मेलेल्या दातात भरायच्या होत्या, दहा जणांवर जुना उपचार. पेशी भरलेल्या दातांत रक्तप्रवाह आणि संवेदना परतली, मुळाची लांबी वाढली. मला हा अभ्यास फार आवडतो. पण त्यातही पेशी मुलाच्या स्वतःच्या होत्या, गरज पडली तेव्हा दुधाचा दात काढून ताज्या वाढवल्या होत्या, आणि हे सगळं कडक देखरेखीखाली झालं होतं. आजीचा, आत्याचा, ‘कुटुंबातल्या कोणाचाही’ त्यात संबंध नव्हता.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार साठवणुकीची परवानगी आहे ती फक्त नाळेतल्या रक्ताला. दात, नाळेचं ऊतक, मासिक पाळीचं रक्त यांच्या व्यावसायिक बँकांना त्यात मान्यता नाही. नाळेच्या रक्ताचं उदाहरण देऊन दाताची साठवणूक खपवली जाते तेव्हा आणखी एक गोष्ट झाकली जाते: नाळेच्या रक्तात रक्त बनवणाऱ्या मूळपेशी असतात, दाताच्या पेशी त्या जातीच्या नाहीत. थॅलेसेमिया किंवा रक्ताच्या कर्करोगात रुग्णाचं रक्त नव्याने बनवायचं असतं. ते दाताच्या पेशी करू शकत नाहीत.

आणि व्यवहारात पाहिलं तरी मुलीचा दात आता हलतोय म्हणता. दुधाचा दात जिभेने हलवत हलवत आठवडाभर लोंबकळला की त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो; पडतो तेव्हा आतलं मांस बहुधा मेलेलं किंवा जंतूंनी भरलेलं असतं. मूळ निदान एक तृतीयांश शिल्लक असताना, रक्त येत असताना दंतवैद्याने तो काढला तरच खात्रीने काही हाती लागतं. म्हणजे साठवणुकीसाठी मुलीचा दात आधीच काढावा लागेल. चांगला आपोआप पडणारा दात मी त्यासाठी काढणार नाही. पडू दे. तो उंदराच्या बिळाशी ठेवायचा की कौलावर फेकायचा हे आजी-नातीने ठरवावं. दंतवैद्याकडच्या पुढच्या भेटीत, मागे सहाव्या वर्षी येणाऱ्या नव्या दाढांना सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप, लावून घ्या. त्या पडणाऱ्या दाढा नाहीत, आणि त्यांना दुधाच्या समजून घरोघरी कीड लागू दिली जाते.

राहिली तुमची अक्कलदाढ. तुमच्या वयात मुळं पूर्ण झालेली असतात, म्हणजे टोकाची पॅपिला उरलेली नसते. लिगामेंट मात्र ताजा असतो, आणि त्याचा एक उपयोग आजच, तुमच्याच तोंडात होऊ शकतो. तुमची एखादी पुढची दाढ किडून गेली असेल, किंवा वाचणार नाही असं सांगितलं असेल, तर अक्कलदाढ तिथे लावता येईल का हे तोंडाच्या सर्जनना काढण्याआधी विचारा. दाढेची मुळं फार वाकडी नसतील आणि जागा पुरेशी असेल तर ती अलगद काढून, मुळावरचा थर न दुखावता, काही मिनिटांत नव्या खाचेत बसवतात. पूर्ण वाढलेल्या मुळाला नंतर रूट कॅनाल लागतं. ती दाढ तिथे धरून राहील की नाही, हे मुळावरच्या त्याच धाग्यांच्या थरावर ठरतं. म्हणून ती तोंडाबाहेर जितका कमी वेळ राहील तितकं चांगलं. रिकामी जागा नसेल तर प्रश्नच नाही. आणि दाढ डेंटल कॉलेजमध्ये काढून घेणार असाल तर तिथे संशोधनासाठी काढलेले दात मागतात का, विचारून पाहा. नीतिसमितीने मान्य केलेलं संमतीपत्र देतात, ते वाचून मनाला पटलं तर सही करा. त्याचे पैसे तुमच्याकडून कोणी घेत नाही, आणि घेत असेल तर सही करू नका.